बूच नको, झाकण द्या

मी घरी काही गोडधोड आणलं की माझी बायको ते उघडून बघत नाही. आधी विचारते, "का केलं जी?"

'काय आणलं' नाही, 'काय केलं'. यात तिचा दोष नाही. एकदा मी चंद्रपूरहून तिच्या आवडीची बालुशाही आणली. तिनं पुडा ओट्यावर ठेवला, भांड्यांच्या मांडणीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाली, "मोठी कढई कुठी हाय?" कढई माझ्या दुकानात होती. मूल गावात माझं राईस मिलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बेअरिंग शाफ्टवर बसवायचं तर ते आधी तेलात तापवावं लागतं, आणि त्या दिवशी मिलवाला फार घाईत होता. पुढे त्या कढईत केलेल्या प्रत्येक भाजीला तिला ग्रीसचा वास येत असे. मला येत नसे, पण मी तसं बोललो नाही.

म्हणून मागच्या मे महिन्यात मी तिला स्टेक आणि रेड वाईनचं जेवण द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यातला धोका मला कळत होता. अडचण अशी की या खेपेला तिला संशय आला असता तर तो अगदी खरा ठरला असता.

झालं होतं असं. बायको मूलच्याच एका बँकेत आहे. तिला बढती मिळाली. शाखेची मॅनेजर, पण शाखा आलापल्लीची. बसनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणजे ती तिथं खोली करून राहणार आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येणार. बढती आपल्याला मंजूर असल्याचं तिच्या सहीचं पत्र चंद्रपूरच्या मोठ्या कार्यालयात हाती द्यायचं होतं, सोमवारपर्यंत. मी माल आणायला चंद्रपूरला जातच असतो, म्हणून तिनं पाकीट माझ्याकडे दिलं. मी ते स्कूटरच्या डिकीत ठेवलं. त्या कार्यालयासमोरून दोनदा गेलो. एकदा तर फाटकासमोर थांबून उसाचा रस प्यालो, आलं-लिंबू घालून. पाकीट डिकीतच राहिलं.

तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं. पण हे तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, कारण या बढतीसाठी तिनं परीक्षा दिली होती आणि अभ्यासाच्या काळात रोज चहा करून देणारा मीच होतो. तेव्हा मी मनाशी बेत केला. रविवारी संध्याकाळी असं काही जेवण घालायचं की तिनं आपणहून म्हणावं, राहू द्या, नाही जात. म्हणजे पत्र न देणं हा गुन्हा न राहता दूरदृष्टी ठरली असती.

वाईनच का, तर पूर्वी कधीतरी टीव्हीवर एक मालिका बघताना ती म्हणाली होती, "काचेच्या गिलासात ते लाल लाल एकदा तरी पिऊन पाह्यचं हाय मले." तेव्हा आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती. आता उठली आहे. शेजारच्या गडचिरोलीत मात्र अजून आहे, आणि आलापल्ली गडचिरोलीत. हा मुद्दाही मी जेवताना सहज बोलता बोलता काढणार होतो.

माझा भाचा पुण्याला हॉटेलात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, स्टेकला जरा तुरट, जड अशी वाईन घ्या. गोड घेऊ नका. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, खोलीच्या तापमानाला प्यायची असते." मग त्यानं विचारलं, "मामा, मामी बरी आहे ना?"

शनिवारी दुपारी चंद्रपूरच्या एका दुकानात गेलो. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक आणि भोकासमोर आठदहा जण. माझी पाळी आली.

"रेड वाईन आहे का?"

जाळीमागच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोनासाठी?"

हा प्रश्न इथे विचारतात हे मला माहीत नव्हतं. "घरी."

"घरी कोन?"

"बायको."

माझ्या खांद्यामागून एक जण म्हणाला, "बायकोले पाजून राह्यले का भाऊ? सही घ्याची हाय वाट्टे कशावर!"

सगळे हसले. मीही हसलो, पण माझा हात आपोआप खिशातल्या स्कूटरच्या किल्लीवर गेला. या माणसाला डिकीतलं पाकीट कसं कळलं असावं, हा विचार मी मूलला पोचेपर्यंत करत होतो.

दुकानदारानं दोन बाटल्या आणल्या. एक आतल्या खोलीतून, आडवी ठेवलेली, काळपट, बुचाची. दुसरी समोरच्या फळीवरची, पिळायच्या झाकणाची. पहिलीकडे बोट दाखवून म्हणाला, "मटनासंगं ही चांगली."

आता आमच्याकडची एक सवय सांगायला हवी. बंदीच्या वर्षांत इथे काय काय विकलं गेलं ते विचारू नका. त्यामुळे पिणारा असो की न पिणारा, बाटली हाती आली की आमचा माणूस आधी ती पारखतो. लेबल नखानं खरवडतो. सील बघतो. मग बाटली उलटी करून उजेडाकडे धरतो. मी आयुष्यात दारू घेतलेली नाही, पण बाटली उलटी धरण्यात कोणाला हार जाणार नाही.

मी ती बुचाची बाटली उलटी केली. तळातून काळसर गाळाचा एक लोट उठला आणि सावकाश खाली येऊ लागला.

"गाळ हाय," मी म्हणालो.

"गाळ हाय!" मागचा म्हणाला. "मिलावट हाय भाऊ, घेऊ नका."

"अवो, तो असतेच," दुकानदार म्हणाला. "जुनी हाय ते."

"जुनी हाय तं गिऱ्हाइकाले काऊन देऊन राह्यला?" मागच्यानं विचारलं.

मला चेव चढला. मी बाटली जाळीजवळ धरून बूच दाखवलं. "आणि हे? हे तर कोणीही काढेल, काहीही भरेल, पुन्हा ठोकून देईल. सील कुठाय?" मागून दोघांतिघांनी मान डोलावली. मग मी दुसरी बाटली उलटी केली. आत काचेसारखं स्वच्छ, लालभडक. झाकणाचं सील शाबूत. "बूच नको, झाकण द्या," मी म्हणालो. दुकानदारानं सुस्कारा टाकून बाटली कागदात गुंडाळली. दहा माणसांसमोर एका लबाडाला उघडं पाडल्याचा आनंद घेऊन मी बाहेर आलो.

झाडाखाली स्कूटर लावून भाच्याला बाटलीचा फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"मामा, ही गोड आहे. केकवर घालतात हिला. दुसरी नव्हती?"

"होती, पण गाळवाली. बुचाची."

तो अगदी हळू म्हणाला, "मामा, गाळ तिलाच असतो. तीच घ्यायची होती. परत जा."

त्या दुकानदाराचं आणि याचं काही कमिशन ठरलंय का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. ते आलं नसतं तरी परत जाणं शक्य नव्हतं. कोणत्या तोंडानं जाणार? बाटली डिकीत टाकली, पाकिटाच्या शेजारी, आणि भर उन्हात मूलला आलो.

रविवारी सकाळी खाटकाकडे गेलो. बोकडाच्या मांडीचा एकच तुकडा मागितला, दोन बोटं जाड, हाड नको. त्यानं सुरा खाली ठेवला. "बारीक करून नको?"

"नको."

"कुत्रा पाळला का?"

"स्टेक करायचाय."

त्यानं मान हलवली आणि दिला. पण पैसे घेताना मला कोणीतरी फसवतं आहे अशा नजरेनं बघत होता.

संध्याकाळी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. मी टेबलावर चादर घातली, फालुद्याचे दोन उंच ग्लास पुसून ठेवले, मेणबत्ती लावली. कूलरनं ती विझवली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. शेवटी कूलर बंद केला. मेणबत्ती जळू लागली आणि मी वितळू लागलो. भाच्यानं सांगितल्याप्रमाणे तव्यावर तो तुकडा एका बाजूनं तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूनं तीन मिनिटं भाजला. मांस बोकडाचं आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

ती सातच्या सुमारास आली. दारातच थांबली. चादर पाहिली, मेणबत्ती पाहिली, बंद कूलर पाहिला, घामानं निथळणारा मी पाहिला.

"का केलं जी?"

"काही नाही. बस तर खरी."

ती पर्स मांडीवर घेऊनच बसली. मी वाईन ओतली. तिनं ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. गिळल्यावर म्हणाली, "गरम हाय हे. खोकल्याचं औषध हाय का?"

"खोलीच्या तापमानाला पितात."

"कोनाच्या खोलीच्या?"

भाच्याची खोली पुण्यात आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती उठली, फ्रिजमधून बर्फ आणला, दोन्ही ग्लासांत चार चार खडे टाकले आणि पुन्हा प्यायली. या वेळी तिनं दोन घोट घेतले. मग सुरी घेऊन स्टेक कापू लागली. सुरी वाकली. तिनं तुकडा उलटा करून पाहिला. "हे अजून मेलं नाई वाट्टे."

पर्स काखेत मारून, ताटली उचलून ती स्वयंपाकघरात गेली. पाच मिनिटांत कांदा, खोबरं, मसाला आणि त्या स्टेकचे बारा तुकडे कुकरमध्ये गेले. मग ती ग्लास घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "शिट्ट्या होऊन राह्यल्या तोवर सांगून टाका."

पहिली शिट्टी झाली. मी आलापल्लीच्या दारूबंदीचा मुद्दा काढला. दुसऱ्या शिट्टीला तिथल्या डासांबद्दल बोललो. तिसऱ्या शिट्टीला माझ्या तोंडून निघून गेलं, "पत्र दिलं नाही मी. डिकीत आहे."

तिनं बर्फाचा एक खडा तोंडात घातला आणि कडकड चावला. "मालूम हाय."

"म्हणजे?"

"मंगळवारीच फोन लावला होता मी चंद्रपूरच्या हापिसात. बाबू म्हनला, आलं नाई. मी दुसरं लिहून ठेवलं हाय." तिनं काखेतल्या पर्सवर हात ठेवला. "उद्याची रजा टाकली. मीच जाऊन देनार."

"मग बोलली का नाही?"

"पाहून राह्यली होती, तुमी कई बोलता ते." मग ग्लासकडे बघत म्हणाली, "मले वाटलं का, साडी आनान. हे नोतं वाटलं."

मला काहीतरी विनोदी बोलायला हवं होतं. ते जमलं नाही. मी म्हणालो, "तुला तिथं एकटीला करमेल, याची भीती वाटते मला."

चौथी शिट्टी झाली. तिनं गॅस बारीक केला. "करमन," ती म्हणाली. "लय करमन. पन तुमी तिथी येऊन हे असं शिजवाचं नाई."

रस्सा अप्रतिम झाला होता. भातावर घेऊन आम्ही कूलर लावून जेवलो. बाटली तिनं अर्ध्यावर बंद केली आणि झाकण स्वतः घट्ट पिळलं.

सोमवारी आम्ही दोघं स्कूटरवर चंद्रपूरला गेलो. पत्र तिनं पर्समधून काढून स्वतः टेबलावर ठेवलं. बाबूनं माझ्याकडे पाहून विचारलं, "मिस्टर ना? तुमची काही हरकत नाही ना?" मी म्हणालो, "नाही." तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, खरं बोलतो आहे की नाही ते बघायला. बाबूनं शिक्का मारून पोच दिली. ती तिनं माझ्या हातात दिली, नीट ठेवायला सांगितली. पण देण्याआधी मोबाईल काढून त्या पोचेचा फोटो घेतला.