मेट्रनच्या दारातलं बाक

मी सांगलीकडचा. ऐंशी सालानंतर कधीतरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा डोक्यात बरीच हवा होती. इथली माणसं तोंडावर बोलतात, आडपडदा नाही, 'कृपया' नाही, असं माझं पहिल्या महिन्यातच ठरून गेलं होतं. म्हणून बौद्ध वस्तीतल्या चार जाणत्या लोकांनी मॅट्रिक झालेल्या मुलामुलींना संध्याकाळी विहारात इंग्रजी शिकवायला सांगितलं, तेव्हा काय शिकवायचं याचा मला विचारही करावा लागला नाही. नम्रपणे विचारायचं कसं, तेवढंच शिकवायचं.

सात जण यायचे. फळ्याच्या डाव्या बाजूला मी थेट प्रश्न लिहायचो, ऑफिस कुठे आहे, फॉर्म कधी मिळेल. उजव्या बाजूला तेच आडवळणानं, 'कुड यू प्लीज टेल मी'पासून सुरू होणारं. डावीकडचं पुसून टाकायचो आणि म्हणायचो, साहेबासमोर हे तोंडातून येता कामा नये. सगळे माना डोलवायचे.

त्यांतली एक मुलगी नर्सिंगसाठी आली होती. आईबाप दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी, कापणी करायचे. चंद्रपूरला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला यंदा जागा निघाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीतून बाद होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. फॉर्म तिथल्या इस्पितळातल्या मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या, हातात द्यायचा होता. मेट्रन केरळच्या, मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, अशी त्यांची ख्याती आमच्यापर्यंत पोचली होती. मी त्या मुलीकडून एकच इंग्रजी वाक्य पंधरा दिवस घोकून घेतलं. माझा हा फॉर्म आपण घेऊ शकाल का? उच्चार असा सुधारला होता की मलाच माझं कौतुक वाटायचं.

दाखले गोळा करण्यात दिवस गेले आणि शेवटच्या तारखेला ती एकटी सकाळच्या एसटीनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. फॉर्म हातातच होता.

मी विचारलं, मेट्रन नव्हत्या का? होत्या. भेटल्या नाहीत का? दारातल्या बाकावर ती साडेदहापासून पाचपर्यंत बसली होती. मेट्रन चार-पाच वेळा समोरून गेल्या, एकदा हसल्याही. मग ऑफिस बंद झालं.

माझं डोकं फिरलं. पंधरा दिवस कशासाठी घसा कोरडा केला, तोंडाला कुलूप लावून बसायचं होतं तर एसटीचे धक्के तरी कशाला खाल्लेस, असं बरंच बोललो. घरमालकीण बाहेर येऊन बघायला लागली तरी थांबलो नाही.  माझं संपल्यावर मुलगी म्हणाली, "सर, कोनाच्या दारात गेलं का तोच विचारते ना. कसं येनं केलं म्हनून. आपन आधी तोंड उघडलं तं मांगनारा दिसते."

हे मी रोज बघत होतो. घरमालकाकडे कोणी कामासाठी आलं की ओसरीसारख्या छपरीत येऊन बसायचं. पाणी मिळायचं, धानाच्या गोष्टी व्हायच्या, मग घरमालक आपण होऊन विचारायचा, काय काम काढलं. येणाऱ्यावर तोंड वेंगाडायची वेळ येऊ द्यायची नाही, ही घरच्याची जबाबदारी. मला वाटायचं, लोकांना वेळच वेळ आहे.

मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि तिला घेऊन दहाची गाडी पकडली.  वाटेत मला लाज वाटत होती आणि रागही गेला नव्हता, तो आता कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

मेट्रनच्या खोलीत मी तिच्या मागे उभा राहिलो. तिनं वाक्य म्हटलं, एकही शब्द न अडखळता. मेट्रननी मान वर केली आणि तितक्याच नम्रपणे इंग्रजीत सांगितलं की मुदत काल पाचला संपली, त्यांना वाईट वाटतं, पुढच्या वर्षी प्रयत्न करावा.

मी काहीतरी बोलायला पुढे झालो. इतक्यात ती म्हणाली, "आय सॅट हिअर. यस्टरडे, होल डे. यू सॉ मी. व्हाय यू डिड नॉट आस्क?"

काल दिवसभर मी इथेच बसले होते. तुम्ही मला पाहिलंत. विचारलं का नाही? 'प्लीज' नाही, 'मॅडम' नाही. माझ्या फळ्यावर डावीकडेही असा प्रश्न कधी आला नव्हता. घाबरून मी तिच्या वतीनं माफी मागायला तोंड उघडलं, तर मेट्रननी हातानंच मला थांबवलं. त्या तिच्याकडे बघत होत्या. मग कारकुनाला बोलावून विचारलं, ही काल इथे होती का? तो म्हणाला, होती, मला वाटलं पेशंटची बहीण असेल.  मेट्रननी हात पुढे करून फॉर्म घेतला, चाळला, एका जागी सही राहिली होती ती करून घेतली आणि कालच्या गठ्ठ्यात ठेवला. म्हणाल्या, वेळेत आलेली मुलगी आहे ही.

  स्टँडवर चहा घेताना मी तिला सांगितलं की सकाळी मी बोललो ते चुकलं. चूक तुझी नव्हती.

"हो सर," ती म्हणाली. "पह्यल्याच दिवशी सांगाचं होतं तुमी. का इथी हापिसात कोनी विचारत नाई म्हनून. बाकी तं मी शिकली असती."