घट्ट रश्श्याचा ठराव

मांजरसुंब्याच्या फाट्यावरचं ते हॉटेल निजामाच्या काळातलं, आणि तिथला मटणाचा रस्साही तेव्हापासून उकळतोय असं आम्ही म्हणायचो. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी तिथे जेवायचो, आणि समोरच्या बाकावर कायम तोच माणूस असायचा. पांढरी टोपी, खिशाला दूध सोसायटीचा बिल्ला. नाव कधी विचारलं नाही, कारण जेवताना तो बोलायचाच नाही. भाकरी चुरायचा, वर रस्सा ओतायचा आणि डोळे मिटायचा.

एकदाच बोलला. "दुष्काळाचा येक फायदा हाय बगा. पाणी न्हाई, म्हणून रस्सा लई घट्ट."

तेवढ्यात दारात टँकर आला. सगळं हॉटेल आनंदाने ओरडलं. त्याचा घास मात्र हातातच राहिला. मालक भरली बादली घेऊन चुलीकडे निघालेला दिसताच तो बाकावर चढला आणि सोसायटीच्या सभेत ओरडतात तसा ओरडला, "टँकरचं पाणी रश्श्यात घालायचं न्हाई, असा ठराव मांडतो! मंजूर?"

"मंजूर! मंजूर!" सगळे भरल्या तोंडाने गरजले. मीसुद्धा खरकटा हात वर केला.

मालक स्वतः गावच्या सोसायटीचा चेअरमन. तो अदबीने म्हणाला, "ठराव एकमतानं मंजूर हाय." आणि आख्खी बादली पातेल्यात उपडी केली. "अंमलबजावणी फुडल्या साली."

आता भांडण जुंपणार म्हणून मी ताट जवळ ओढलं. पण तो बाकावरून खाली उतरला, टोपी नीट केली आणि रिकामी वाटी पुढे सरकवली.

"सभा रीतसर झाली," तो समाधानाने मला म्हणाला.