उंच केलेली जीप

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर, यंदाच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ती माळ्यावरून पाठीवर पडली होती. पाड्याच्या जीपमध्ये आम्ही तिला मागे आडवं ठेवलं, तेव्हा तिच्या पायांची बोटं हलत होती. पालघरला दवाखान्यात उतरवलं, तेव्हा हलत नव्हती.

वाटेवरच्या ओहळातले दगड खाली घासू नयेत म्हणून आमच्या पाड्याच्या समितीने बोईसरच्या गॅरेजात ही जीप उंच करून घेतली होती. चाकांचा आस चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे आर्म मात्र आखूडच घेतले. गाडी उंच झाली की आखूड आर्म जास्त तिरपे होतात आणि दगडाचा दणका थेट वर येतो. लांब आर्मसाठी चॅसीवर वेल्डिंग करावं लागलं असतं. तेवढा धीर कुणाला होता? समितीतले एक काका पुढच्या सीटवर बसून फिरून आले. "हत्तीवर बसल्यावानी वाटते," म्हणाले. मागे आडवं होऊन कुणी पाहिलं नाही.

त्या सकाळी ओहळात आत्या कळवळली, "हळू घे रं बाबा!"

"याहून हळू म्हंजे उभीच करू काय?" ड्रायव्हर रडकुंडीला आला होता.

बोटांची हालचाल माळ्यावरून पडल्यानेच गेली असेल, असं काका आता म्हणतात.

तुमच्या गावची जीप उंच करणार असाल, तर आधी तिच्यात मागे आडवे व्हा आणि ती ओहळातून न्यायला सांगा.