फ्लशच्या आधी की नंतर?

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आले होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी मागे राहिलेल्या. मी आणि नवरा सकाळी आठला ऑफिसला जायचो ते सहाला उगवायचो. मधले दहा तास बाबा घरात एकटे. वर्तमानपत्र संपायचं, दुपारची झोप संपायची, आणि तरी घड्याळात अडीचच वाजलेले असायचे.

अशात पाणीखात्याचं पत्र आलं. त्या वर्षी आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना नवे मीटर बसवले होते. ते रेडिओवर बोलायचे. खात्याची व्हॅन रस्त्यावरून नुसती गेली तरी तिला आकडे मिळायचे. पत्रात म्हटलं होतं, की तुमच्या घरातलं पाणी गेले कित्येक दिवस एक तासभरसुद्धा पूर्ण थांबलेलं नाही, कुठेतरी गळती असावी.

"टॉयलेट रन होत असेल, टाकीतून पाणी झिरपत असेल," नवरा म्हणाला. "वीकेंडला बघतो."

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्यात अभियंता म्हणून काढली होती. "आमचे मीटर रीडर चहाच्या टपरीवर बसून आकडे टाकायचे," ते म्हणाले. "आणि इथला मीटर स्वतःहून चुगली करतो? अरे बाप्पा! बोलाव त्या खात्याच्या माणसाला. मला पाहायचंय."

मी फोन केला. दोन दिवसांनी सकाळी पाणीखात्याचा एक उंच, हसरा माणूस आला. मी त्या दिवशी घरून काम करत होते. त्यानं लॉनमधलं लोखंडी झाकण उचललं, हातातलं छोटं यंत्र मीटरजवळ धरलं, मग व्हॅनमध्ये बसून गेल्या आठवड्याच्या कागदांची एक चळतच छापून आणली. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, किती पाणी. बाबा त्याच्यामागे लहान मुलासारखे फिरत होते. जाताना त्यानं युक्ती सांगितली. टॉयलेटच्या टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला, तर समजा टाकीचं रबर गेलं.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर ते कागद पसरून बसलो. शून्य खरंच कुठे नव्हतं. पण नवऱ्याला दुसरंच काहीतरी दिसलं.

"बाबा, रोज अकरा ते बारा हा एवढा डोंगर कसला? त्या वेळी घरात तुम्ही एकटेच असता."

"मशीन चुकलं असेल."

"रोज? अकरालाच?"

बाबांनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "ड्राइव्हवे धुतो."

"ड्राइव्हवे?"

"अंगण कोरडं ठेवू नये माणसानं. आणि समोरची ती म्हातारी बाई हात करते. दोन शब्द होतात."

आता नवऱ्याला हसावं की रागवावं कळेना. "पाइपनं? बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना पाणी वाचवायला सांगितलंत!"

"म्हणून तर तुम्ही ऑफिसला गेल्यावर धुतो," बाबा म्हणाले.

मी खूप हसले, पण फार वेळ नाही. कारण रविवारचा कागद माझ्या हाताखाली होता. दर रविवारी मी बाथरूममध्ये शॉवर सोडून, कमोडच्या झाकणावर बसून, कॉलिंग कार्डवरून भारतातल्या बहिणीशी चाळीस-पन्नास मिनिटं बोलायचे. शॉवर यासाठी, की बाहेर ऐकू जाऊ नये. बोलणं अर्थातच घरातल्या माणसांविषयी असायचं. तो कागद मी हळूच घडी करून कुर्त्याच्या खिशात घातला.

नवरा ताटं आणायला गेल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, "बेटा, शनिवारनंतर एकदम सोमवार आला."

मी खिशावर हात ठेवला.

"मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले. "तू उद्या त्याला सांग, म्हाताऱ्याला अंगण धुऊ दे. बादलीनं धुवेन, शपथ."

मी सांगितलं. बादलीवर तोडगा निघाला. शॉवरही मी सोडेनाशी झाले. त्यापुढे बहिणीला फोन गाडीत बसून करायचे.

रंगाचा प्रयोग बाबांनी शनिवारी ठरवला. आमच्याकडे तीन टॉयलेट, वर दोन आणि खाली दिवाणखान्याजवळ एक. केकसाठी आणलेली लाल रंगाची बाटली त्यांनी तिन्ही टाक्यांत रिकामी केली आणि जाहीर केलं, "अर्धा तास कोणी आत जायचं नाही." साडेबाराची वेळ. एक वाजता आमच्याकडे जेवायला डॉक्टरकाका येणार होते. हे आमच्या महाराष्ट्र मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ, चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आता निवृत्त. कोणाच्याही घरी गेले की यजमानाची जीभ बघणार आणि मीठ कमी करायला सांगणार. त्यांच्यासमोर आम्ही श्रीखंड चोरून खायचो.

काका पंधरा मिनिटं आधी आले. लांबून ड्राइव्ह करून आलेले. दारात बूट काढले आणि कोणी काही बोलायच्या आत सरळ खालच्या टॉयलेटमध्ये शिरले. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते, नवरा दही आणायला गेलेला, बाबा वरच्या टाक्या बघत होते. फ्लशचा आवाज आला आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

काका बाहेर आले. चेहरा पांढराफटक. सोफ्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत. मी पुरी वाढू का विचारलं तर म्हणाले, "नको. काही नको."

मला कळलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला ही गोष्ट कशी सांगायची? मी शब्द जुळवत असतानाच बाबा जिन्यावरून खाली आले. काकांनी त्यांना जवळ बोलावलं आणि समवयस्क माणसाला सांगावं तसं दबक्या आवाजात म्हणाले, "आत्ता... लाल दिसलं मला. बरंच."

बाबांचे डोळे चमकले. "लाल? फ्लशच्या आधी की नंतर?"

"काय?"

"आठवून सांगा डॉक्टर, फार महत्त्वाचं आहे. आधी की नंतर?"

"आधी. मग फ्लश केलं तर आणखीच..."

"नंतरचं सोडा! आधी होतं ना? नक्की आधी?"

"नक्की."

"वा! वा वा!" बाबांनी काकांचा हात धरून गदागदा हलवला. "सापडलं! वरचे दोन्ही स्वच्छ आहेत. खालचाच चोर!"

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. सासऱ्यांना लवकर कोणाला तरी दाखव, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शेवटी मी रंगाची रिकामी बाटली आणून त्यांच्यासमोर ठेवली. काका बाटलीकडे बघत राहिले, मग बाबांकडे. आणि मग इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दुपारी त्यांनी तीन वाट्या श्रीखंड खाल्लं. कोणाची जीभ पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाप-लेकांनी हार्डवेअरच्या दुकानातून टाकीचं रबर आणून बसवलं. काही दिवसांनी तो हसरा माणूस पुन्हा येऊन कागद देऊन गेला. त्यात पहिल्यांदाच शून्यं होती. बाबांनी त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून तो कागद फ्रिजवर लावला.

नंतरच्या महिन्यात डॉक्टरकाकांचा फोन आला. त्यांच्याही घरी तसंच पत्र आलं होतं. "तुझ्या सासऱ्यांना घेऊन ये, लाल रंगाच्या बाटलीसकट," ते मला म्हणाले. "पण काकूला आधी काही सांगू नकोस. चाळीस वर्षं माझं मीठ मोजतेय ती. जरा घाबरू दे."