पायरीवरची घोंगडी

घोंगडी उन्हात टाकली की तिला अजून मेंढरांचा वास येतो, आणि मी पुन्हा सोलापूरच्या आमच्या जुन्या घराच्या दारात उभी असते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या सकाळी वकिली सोडून शेजारच्या छोट्या संस्थानात निघाले होते. तिथल्या नव्या प्रजासभेनं त्यांना नेता निवडलं होतं. टांगा दारात उभा होता. इतक्यात सांगोल्याकडची एक धनगर बाई आली. तिच्या मुलावरच्या खुनाच्या खटल्यात त्याचे वकील आप्पाच होते. तिनं पायरीवर घोंगडी अंथरली. तिच्या माणसांत शब्द द्यायचा तो घोंगडीवर बसूनच.

"बसा की, सायेब."

"दुसरा चांगला वकील दिलाय, बाई. मला आता सगळ्यांसाठी बोलायचंय."

"त्या सगळ्यांत माझं पोर न्हाय व्हय?"

आप्पा घोंगडी ओलांडून टांग्यात चढले. बाई घोंगडी तिथंच टाकून निघून गेली. मला तेव्हा आप्पांच्या गळ्यातला हार तेवढा दिसत होता.

मुलगा फासावर गेला. आप्पांची भाषणं पुढं खूप गाजली. शेवटच्या दुखण्यात मात्र त्यांनी ती घोंगडी अंथरायला लावली, धडपडत पलंगावरून उतरले आणि तिच्यावर बसले.

"तिला सांग," ते मला म्हणाले, "बसलो म्हणून."