अळीचा वाटा

तांड्यावर रुपीबाईचं शेत माझ्या शेताला लागून आहे. तेव्हा बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बीटी कपाशीच्या पिशवीसोबत साध्या सरकीचं एक लहान पाकीट मिळायचं. आम्ही ते शेताच्या कडेला धुऱ्यावर फेकून द्यायचो. रुपीबाई मात्र ती सरकी शेताच्या चारही बाजूंनी हातानं टोबायची. तिची सून अंजू हिनं पाकिटावरचं तिला वाचून दाखवलं होतं: साध्या झाडांवर साध्या अळ्या जगू द्या, नाहीतर बीटी पचवणाऱ्याच तेवढ्या उरतील.

मी हसायचो. "काकी, अळीले जेवाले वाढून राह्यली का?"

"वाटा देऊन राह्यली. जवारीत पाखराचा ठेवतोच ना आपण?"

दोन हजार सतराच्या दिवाळीत गुलाबी बोंडअळी आली. माझी बोंडं किडली, तिचीही किडली. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं.

"काय झालं काकी तुह्या वाट्याचं?" मी धुऱ्यावरून विचारलं.

तिनं एक बोंड फोडून आतली अळी पाहिली.

"माह्या चार ओळीत कितीक जेवतीन? बाकी शिवारात तुमी बीटीशिवाय काही वाढलंच नाही. मंग शिकली ते बीटी खायाले."