तिळाच्या तेलाची वाटी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी मी आईला केमोसाठी यवतमाळच्या दवाखान्यात नेत असे. तिथं एक बाई यायची. सकाळी कापूस वेचायची आणि दुपारी, डॉक्टरांना विचारून, पेशंटचे हातपाय तिळाच्या तेलानं चोळायची. "कसं वाटते?" असं तिनं कोणाला कधी विचारलं नाही. "बिमारीचं डॉक्टर पाह्यते, मी हातापुरती," म्हणायची आणि लगेच, "आज भाजी कायची केलती?"

आई माझ्याकडं बोट दाखवायची. घरी आम्ही तिला चुलीजवळ जाऊच देत नव्हतो. ती बोलेनाशी झाली होती.

एका दुपारी, सलाईन लागायच्या आधी, बाईनं तेलाची वाटी आईच्या मांडीवर ठेवली आणि स्वतःचेच हात पुढं केले. "माय, आज माह्ये चोयून दे."

मला रागच आला. आजारी माणसाला काम सांगते!

आईनं ते हात धरले. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरली होती.

"काहून वं, साऱ्या दवाखान्याले तेल लावतं अन् सवताले लावता येत नाही तुले?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच आई कोणावर तरी खेकसली होती. बाई मान खाली घालून बोलणी खात होती.